सरकीवरची एक पेशी : 'कच्चा' ठरलेल्या कापसाचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील ज्या गावात मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, तेथील एका शेतकऱ्याचा कापूस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खरेदी केंद्रावर 'कच्चा' ठरवून कमी भावात घेण्यात आला. ग्रेडरने गाडीतील दोन-तीन ठिकाणचा कापूस हातात घेतला, चिमटीत धरून ताणला, 'मायक्रोनेअर बसत नाही' (मायक्रोनेअर म्हणजे तंतूचा बारीकपणा आणि पक्वता यांचा यंत्रावर मोजलेला आकडा) एवढेच सांगितले आणि भाव पाडला. यंत्र कोणी दाखवले नाही आणि मागण्याचे धाडसही कोणाला झाले नाही. या शेतकऱ्याची मुलगी आमच्या नववीत शिकते. दुसऱ्या दिवशी ती डब्याच्या पिशवीत त्याच गाडीतील दोन मुठी कापूस घेऊन आली आणि वडिलांचा प्रश्न तिने त्यांच्याच शब्दांत माझ्यापुढे ठेवला : 'सर, बाबा म्हनते, बोंड फुटलं, कापूस पांढरा झाला, मंग तो कच्चा काऊन?'

प्रश्न रास्त होता. फळ पिकल्याशिवाय झाड सोडत नाही आणि बोंड पिकल्याशिवाय फुटत नाही, हा शेतकऱ्याचा अनुभव आहे. मग फुटलेल्या बोंडातील कापूस कच्चा कसा असू शकतो? याचे उत्तर बाजारात किंवा खताच्या दुकानात नव्हते, ते एका पेशीच्या भिंतीत होते, आणि तिथपर्यंत पोहोचायला आम्हाला जवळपास तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांची, आणि त्यापुढच्या हंगामातील थोड्या पाठपुराव्याची ही नोंद आहे.

वर्गाने दिलेले पहिले उत्तर

आठवीत पेशी आणि पेशीअंगके शिकून झालेल्या या मुलांचे नववीतील ऊतींचे प्रकरणही नुकतेच संपले होते. म्हणून मी आधी उलट प्रश्न विचारला : पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था आणि सजीव या पायऱ्यांपैकी तुमच्या हातातील कापूस कोणत्या पायरीवर बसतो? बहुतेकांनी 'ऊती' असे लिहिले, कारण तो मऊ आहे आणि त्यात पुष्कळ तंतू एकत्र आहेत. काहींनी 'अवयव' लिहिले, कारण तो फळातून निघतो. शेवटच्या बाकावरील एका मुलाने 'हा वाळलेला माल आहे, सजीव नाही' असे लिहिले, आणि पुढे जे दिसले ते पाहता त्याचे उत्तर इतरांपेक्षा सत्याच्या बरेच जवळ होते. 'पेशी' हा शब्द मात्र एकाही कागदावर आला नाही.

याचा दोष मुलांकडे जात नाही. पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, हे वाक्य त्यांच्याकडून मीच पाठ करून घेतले होते, आणि दरवर्षी कांद्याचा पापुद्रा व गालाच्या आतील पेशी एवढ्या दोनच गोष्टी दाखवून मी प्रात्यक्षिक संपवत आलो होतो. कांद्याच्या पापुद्र्यात पेशी विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या दिसतात. त्यामुळे पेशी म्हणजे वीट, ऊती म्हणजे भिंत आणि अवयव म्हणजे खोली असे एक चित्र मुलांच्या मनात पक्के होते. चित्र वाईट नाही, परंतु कापसाला ते लागू पडत नाही.

कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. बीजांडाच्या, म्हणजे पुढे सरकी होणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या अपित्वचेतील साधारण चारपैकी एक पेशी बाहेरच्या बाजूला वाढू लागते आणि मध्ये एकदाही विभाजन न होता तीच पेशी पंचवीस ते तीस मिलिमीटर लांब होते. तिची जाडी मात्र पंधरा ते वीस मायक्रोमीटरच्या आसपासच राहते, म्हणजे लांबी जाडीच्या दीड हजार पट. हे प्रमाण मुलांना आकड्यात कळले नाही, तेव्हा आम्ही विहिरीच्या दोराचा हिशेब केला. दीड सेंटिमीटर जाडीचा, बोटभर दोर घेतला आणि त्याला कापसाच्या तंतूचे प्रमाण लावले, तर तो दोर सुमारे तेवीस मीटर, म्हणजे पंचाहत्तर फूट लांब हवा. शाळेमागच्या विहिरीचा तळ गाठून वर रहाटाला वेढे देण्याइतका तो दोर पुरला असता. अशा दहा हजारांहून अधिक पेशी एका सरकीवर उगवतात, आणि प्रत्येक पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसते. फक्त ती पाहण्यासाठी काळा कागद खाली धरावा लागतो.

हे सांगितल्यावर प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, 'मंग आईनं आजवर पेशीच वेचल्या म्हना.' वर्ग हसला. तिची आई वेचणीच्या मजुरीलाही जाते, आणि विधानात चूक काहीच नव्हती.

तीन नमुने आणि एक खिडकी

तुलनेसाठी पहिल्या वेचणीचा कापूस हवा होता, पण तो घरात शिल्लक राहण्याचे कारण नव्हते. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच तो विकला गेला होता. मुलीच्या आजीमुळे तो मिळाला. सीतादही, म्हणजे वेचणीच्या आरंभीचा शेतातला विधी, झाल्यावर वेचलेल्या पहिल्या कापसातील थोडा कापूस तिने देवाच्या वातींसाठी गाडग्यात राखून ठेवला होता, आणि नातीच्या हट्टापुढे त्यातील चिमूटभर दिला. दुसरा नमुना ग्रेडरने नाकारलेल्या गाडीतला होता. तिसरा आम्ही स्वतः निवडला : बोंडअळीने पोखरलेल्या, नीट न उमललेल्या बोंडातील पिवळट, चिकटून बसलेली कवडी. तिन्ही नमुने एकाच शेतातील आणि एकाच वाणाचे होते, ही गोष्ट पुढच्या निष्कर्षासाठी महत्त्वाची ठरली.

शाळेचे सूक्ष्मदर्शक आरशाचे आहे, त्यामुळे ते सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळेत पूर्वेच्या खिडकीजवळच उपयोगी पडते. पहिला दिवस जवळजवळ वाया गेला. काचपट्टीवर तंतू ठेवून पाण्याचा थेंब टाकला की तंतू पाणी घेईना आणि भिंगातून फक्त हवेचे काळ्या कडांचे बुडबुडे दिसत. न धुतलेल्या कापसाच्या प्रत्येक पेशीवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, हे मला माहीत होते, पण काचपट्टी तयार करताना आठवले नाही. दुसऱ्या दिवशी थेंबात किंचित साबण मिसळला आणि चित्र स्वच्छ झाले. हा मेणाचा थर मुलांना दाखवण्यासाठी आम्ही एका वाटीत शेतातील कापूस आणि दुसऱ्या वाटीत औषधाच्या दुकानातील कापूस पाण्यावर सोडला. दुकानातला क्षणात भिजून तळाला गेला. शेतातला तास संपेपर्यंत तरंगत राहिला. दोन्हींत पेशी त्याच, फक्त एकीवरचे मेण कारखान्यात काढलेले.

आजीच्या कापसातील तंतू भिंगाखाली चपट्या, पिळलेल्या फितीसारखा दिसला. पीळ थोड्या अंतरापर्यंत एका दिशेने जात होता आणि मग एकाएकी उलटा फिरत होता. फितीच्या दोन्ही कडा जाड होत्या आणि मध्ये एक अरुंद रेघ होती. जिवंतपणी पेशीचा जो पोकळ भाग रिक्तिकेने, म्हणजे पेशीरसाच्या पिशवीने, आणि पेशीद्रव्याने भरलेला असतो, त्याची ही राहिलेली खूण. नाकारलेल्या गाडीतील तंतूंत असेही काही तंतू होते, परंतु त्यांच्या जोडीला दुसऱ्याच प्रकारचे पुष्कळ होते : पातळ, जवळजवळ पारदर्शक, पीळ फारच थोडा, कडा अशा की भिंत कुठे संपते आणि पोकळी कुठे सुरू होते ते ओळखू येऊ नये. ओला बटर पेपर चुरगळून टाकावा तसे ते एकमेकांवर पडले होते. कवडीत तर निरोगी तंतू शोधावा लागला.

चार मुलींनी शंभर-शंभर तंतू मोजून दोन्ही प्रकार वेगळे करण्याचा प्रयत्न केला. त्यांचे आकडे एकमेकींशी जुळले नाहीत, कारण मधल्या प्रतीच्या तंतूला जाड म्हणावे की पातळ, हे प्रत्येकीने आपल्या नजरेने ठरवले होते. ते आकडे मी येथे देत नाही. मात्र नाकारलेल्या नमुन्यात पातळ तंतू आजीच्या नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, यावर चौघींचेही एकमत होते.

नजरेचा हा घोळ मिटवण्याची एक जुनी रीत कापूस तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आहे. अठरा टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तंतू बुडवला की भिंतीतील सेल्युलोज फुगते. ज्या पेशीची भिंत पुरेशी जाड असते, तिचा पीळ उलगडतो आणि ती गोल काठीसारखी सरळ होते. पातळ भिंतीची पेशी फुगूनही फितीसारखीच राहते. सुती कापड मजबूत करण्याची आणि त्यावर रंग चांगला चढवण्याची जी प्रक्रिया इंग्लंडमधील जॉन मर्सर याने १८५० मध्ये पेटंट केली, तिचे मूळ याच फुगण्यात आहे. हे द्रावण कातडी जाळते, त्यामुळे तो प्रयोग मी एकट्याने, चष्मा आणि हातमोजे घालून केला आणि मुलांना फक्त भिंगातून पाहू दिले. आजीच्या कापसातील तंतू एकामागून एक काठ्या होत गेले. दुसऱ्या काचपट्टीवर काठ्या थोड्या आणि फिती जास्त होत्या. 'कच्चा' या शब्दाचा अर्थ मुलांना त्या क्षणी कळला, असे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटले. बोंड पिकले होते, सरकीही पिकली होती. कच्ची राहिली होती ती पेशीची भिंत.

पेशीचे पन्नास दिवस

ही भिंत कधी आणि कशी बनते, हे पाहण्यासाठी जिवंत पेशी पाहणे भाग होते. सुदैवाने शेताच्या ओलिताच्या कडेला काही पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, अजून हिरवी बोंडे होती. सुपारीएवढे एक बोंड मी ब्लेडने आडवे कापले. आत चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात दाटीने बसलेल्या कोवळ्या सरक्या, आणि त्यांच्याभोवती ओल्या रेशमासारखा चकचकीत पांढरा पुंजका. कापूस म्हणून कोणी ओळखला नसता. त्यातील तंतू चिमट्याने अलगद उचलून पातळ आयोडीनच्या थेंबात ठेवला, तेव्हा भिंतीच्या आतल्या बाजूने पेशीद्रव्याचा पिवळसर अस्तर दिसला आणि मधली सगळी जागा रिकामी दिसली. ती रिकामी जागा म्हणजे रिक्तिका. काही तंतूंत गडद ठिपक्यासारखे केंद्रकही सापडले. मग दुसऱ्या काचपट्टीवर मिठाचे दाट पाणी सोडले. दोन-चार मिनिटांत आतील अस्तर भिंतीपासून सुटून आकसू लागला आणि भिंत मात्र जागच्या जागी राहिली. हाच रसद्रव्यसंकोच मुलांनी पुस्तकात आकृतीच्या रूपाने पाहिला होता. फुटलेल्या बोंडातील तंतूवर तेच मिठाचे पाणी सोडले तर काहीही घडले नाही. जिवंत आणि मृत पेशीतील फरक दाखवणारा याहून सरळ प्रयोग मी आजवर वर्गात केलेला नाही.

आता या पेशीचे आयुष्य क्रमाने सांगता येते. फूल उमलते त्या दिवशी बीजांडाच्या पृष्ठभागावर बारीक फुगवटे येतात. अमेरिकन जातीच्या कापसाचे फूल पहिल्या दिवशी दुधी पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे वेचणीला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या पांढऱ्या दिवसालाच पेशीची जन्मतारीख म्हणता येईल. त्यानंतरचे सोळा ते वीस दिवस लांब होण्याचे. या काळात भिंत अगदी पातळ आणि ताणली जाणारी असते, आणि तिला आतून ताणण्याचे काम रिक्तिका करते. पोटॅशियम, मॅलिक आम्लाचे क्षार आणि साखर रिक्तिकेत साठतात, परासरणाने पाणी आत येते, दाब वाढतो आणि पेशी लांबते. वाढ ऐन भरात असताना दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसे हे आहे, असे एका मुलाने म्हटले, आणि मला त्यात दुरुस्ती सुचली नाही. या पेशीला सरकीच्या पेशींशी जोडणाऱ्या अतिसूक्ष्म वाटाही मधले काही दिवस बंद होतात, त्यामुळे आतला दाब बाहेर निसटत नाही. शेजारणीशी दार बंद करून ही पेशी काही दिवस स्वतःपुरती जगते आणि मग दार पुन्हा उघडते. पेशी हे शरीराच्या भिंतीतले निमूट वीटकाम नव्हे, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

लांबी पुरी होत आली की दुसरे काम सुरू होते. पेशी आतल्या बाजूने भिंतीवर सेल्युलोजचे थर चढवू लागते. साखरेच्या रेणूंच्या साखळ्या प्रद्रव्यपटलातील, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ आवरणातील, विकर-समूहांकडून (एन्झाइमांकडून) विणल्या जातात आणि त्यांचे धागे भिंतीवर तिरक्या फेऱ्यांनी बसतात; या फेऱ्यांची दिशा मधूनमधून उलटते, आणि वाळल्यावर पीळही तिथेच उलटा फिरतो. हे थर दिवसागणिक चढतात. इजिप्तमध्ये कापसावर काम केलेल्या डब्ल्यू. लॉरेन्स बॉल्स यांनी १९१९ मध्ये दाखवले, की फुगवलेल्या तंतूच्या भिंतीत झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात, आणि एक वलय एका दिवसाचे असते. खोडातील वलय वर्षाचे, येथे दिवसाचे. साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी बोंड फुटते, पाणी उडून जाते, पेशीद्रव्य वाळून भिंतीला चिकटते, नळी चपटी होते आणि पेशी मरते. उरते ती भिंत, आणि तिच्यातील सुमारे पंचाण्णव टक्के भाग सेल्युलोजचा असतो.

म्हणजे लांबी आणि जाडी या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत, बऱ्याचशा एकामागून एक होणाऱ्या. पहिली पूर्ण होऊन दुसरी अर्धवट राहू शकते. शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर नेमके एवढेच आहे : त्याच्या कापसाची लांबी पुरी होती, भिंत अपुरी होती.

भिंत अपुरी का राहिली

एका रविवारी मी त्या शेतात गेलो. शेत उताराचे आणि वरच्या अंगाला बरड. कुदळीने उकरले तर दीड फुटावर मुरूम लागला. पऱ्हाटी नोव्हेंबरच्या मध्यापासून लाल पडली होती, असे मुलीच्या वडिलांनी सांगितले. 'लाल्या तर दरसालच येते सर, त्याचा कापसाच्या वजनाशी काय संबंध?' असे त्यांनी विचारले, आणि मी म्हणालो, 'भाऊ, ज्या बोंडाच्या बुडाशी जे पान असते, त्याच पानातून त्या बोंडाचे बरेचसे अन्न जाते.'

सजीवाची रचना म्हणून पुस्तकात जी शिडी दाखवतात, ती प्रत्यक्षात कशी चालते हे त्या पऱ्हाटीवर दिसत होते. पानातील पेशीत हरितलवक साखर बनवतो. ती साखर रसवाहिन्यांतून बोंडाच्या देठात, तिथून बीजांडाच्या आवरणात आणि तिथून तंतूच्या पेशीत पोहोचते, आणि तेथे तिचे सेल्युलोज होते. पानातील हरितद्रव्य गेले, पान लाल झाले, की दूरच्या एका पेशीच्या भिंतीवर त्या दिवशी थर पातळ चढतो. एका अवयवातील पेशीचे आजारपण दुसऱ्या अवयवातील पेशीच्या भिंतीत मोजता येते, आणि मधल्या सगळ्या ऊती त्या देवघेवीच्या वाटा असतात.

लाल्या हे एकटे कारण मानणे मात्र चुकीचे ठरेल. डिसेंबरात आमच्या भागात रात्रीचा पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो, आणि थंड रात्री सेल्युलोज बनवण्याचा वेग मंदावतो. उशिरा आलेल्या फुलांच्या पेशींना भिंत जाड करण्याचे दिवस याच थंडीत मिळाले. त्याच सुमारास बरड जमिनीतील ओलही संपली होती. शिवाय काही बोंडांत बोंडअळीने सरकीच खाल्ली होती. ज्या सरकीच्या अंगावर पेशी उभी आहे, तीच गेली तर अन्न कुठून येणार? या चार कारणांचा वाटा वेगळा काढण्याइतके साहित्य आमच्याकडे नव्हते, आणि मला विचाराल तर त्या शेतात ती एकमेकांपासून वेगळी नव्हतीही.

ग्रेडरचे किती बरोबर

मायक्रोनेअर मोजताना ठरावीक वजनाचा कापूस ठरावीक जागेत दाबून त्यातून हवा सोडतात. तंतू पातळ असतील तर तेवढ्याच वजनात त्यांची संख्या आणि एकूण पृष्ठभाग जास्त भरतो, हवेला अडथळा होतो आणि आकडा कमी येतो. साधारण ३.५ ते ४.९ हा आकडा सर्वसाधारण मानला जातो. आकडा कमी आला की गिरणीला भीती वाटते ती कच्च्या तंतूंची, कारण सूत काढताना त्यांच्या गुठळ्या होतात आणि कापडावर रंग एकसारखा चढत नाही.

पण या आकड्यात एक गफलत दडलेली आहे. हवा अडते ती एकूण पृष्ठभागामुळे; तो तंतू मुळात बारीक म्हणून वाढला की भिंत अपुरी म्हणून, हे आकडा सांगत नाही. मुळातच बारीक तंतूचा वाण पूर्ण पिकला तरी आकडा खाली येऊ शकतो, आणि जाड्याभरड्या देशी कापसाचा आकडा त्याच्या प्रतीपेक्षा चढा दिसू शकतो. म्हणूनच आमचे तिन्ही नमुने एकाच वाणाचे असणे गरजेचे होते. वाण तोच, लांबी जवळपास तीच आणि भिंत वेगळी, त्यामुळे 'कच्चा' हा निर्णय या गाडीपुरता बरोबर होता असे मला म्हणावे लागते. मुरलेल्या ग्रेडरच्या बोटांना लुळा तंतू कळतो, हेही खरे. तरीही मोजल्याशिवाय मोजमापाचे नाव घेणे आणि शेतकऱ्याला त्याचा अर्थही न सांगणे, याला मी न्याय म्हणणार नाही. त्या दिवशी त्याला जे सांगितले गेले ते कारण नव्हते, नुसता शब्द होता.

मुलीच्या वडिलांना पैसे परत मिळाले नाहीत. त्या गाडीत मधल्या वेचणीचा बराच चांगला कापूस शेवटच्या वेचणीत मिसळला होता, हे त्यांनी स्वतःच आठवून सांगितले, आणि सगळ्याचा भाव शेवटच्या वेचणीच्या प्रतीने झाला. पुढच्या वर्षी त्यांनी वेचण्या वेगळ्या ठेवल्या. घर दोन खोल्यांचे असल्यामुळे त्यासाठी एक खोली नोव्हेंबरपासून संक्रांतीपर्यंत कापसाने भरलेली राहिली, आणि मुलीचा अभ्यास ओसरीत आला.

पायऱ्यांचा हिशेब पुन्हा

वर्गात परतल्यावर आम्ही पहिलाच प्रश्न पुन्हा घेतला. सरकीवर असताना तंतू अपित्वचेचा भाग असतो, म्हणजे एका ऊतीतील पेशी असतो. सरकी हे बीज, बोंड हे फळ, आणि फळ हा अवयव. परंतु जिनिंगमध्ये रुई सरकीपासून सुटली की ती ऊती राहत नाही; लाखो सरक्यांवरून आलेल्या, एकमेकींशी काहीच देणेघेणे नसलेल्या मृत पेशींचा तो ढीग असतो. शेवटच्या बाकावरील मुलाचे 'वाळलेला माल' हे उत्तर मी आता पूर्ण गुण देऊन फळ्यावर लिहिले, आणि एका शब्दाची भर घातली : वाळलेल्या पेशींचा माल. 'म्हणजे आपण अंगावर मुडदे घालतो,' असे कोणीतरी पुटपुटले. खोडातील पाणी वाहणाऱ्या जलवाहिन्या आणि आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थरही मृत पेशींचाच असतो, हे सांगून मी तो विषय तिथेच आटोपला.

रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले आणि ज्यांना पेशी हे नाव मिळाले, तेही मृत पेशींच्या भिंतीच होते. पेशीच्या अभ्यासाची सुरुवात भिंतीपासून झाली आणि आमचीही तिथूनच झाली, हा योगायोग मला आवडला. वर्गाला त्यात फारसे विशेष वाटले नाही.

पुढच्या हंगामात, सप्टेंबरात, दहावीत गेलेल्या या मुलांनी त्याच शेतात पांढऱ्या फुलांच्या देठांना रंगीत दोरे बांधले : दर दिवसाचा रंग वेगळा, म्हणजे प्रत्येक बोंडाची जन्मतारीख ठाऊक. पाचव्या, दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या दिवशी एकेक बोंड उघडून, सरकीवरचे तंतू कोमट पाण्याच्या धारेने विंचरल्यासारखे सरळ करून, पट्टीने त्यांची लांबी मोजायची असे ठरले होते. निम्म्याहून अधिक दोरे रिकामे राहिले, कारण कापूस आपली पाती (फुलांच्या कळ्या) आणि कोवळी बोंडे मोठ्या प्रमाणात गाळतो आणि त्यात भर म्हणून पितृपक्षात आठवडाभर झड लागली. जी राहिली त्यांत पाचव्या दिवशी तंतू काही मिलिमीटरचे होते, विसाव्या दिवशी जवळजवळ पूर्ण लांबीचे, आणि तिसाव्या दिवशी लांबीत फरक नाही पण चिमटीत स्पष्ट जाणवेल इतके भरलेले.

त्या वर्षीच्या प्रयोगवहीत प्रश्न विचारणाऱ्या मुलीने कांद्याच्या पेशींच्या आकृतीखाली आणखी एक आकृती काढली आहे. पानावर एका बाजूला सरकीचा ठिपका, आणि त्यातून निघालेली पेन्सिलीची एकच बारीक रेघ, पट्टी लावून मोजलेली, अठ्ठावीस मिलिमीटर. रेघेला नाव दिले आहे 'पेशी'. कांद्याच्या आकृतीशेजारी वर्धन चारशे पट असे लिहिलेले आहे. या रेघेशेजारी तिने लिहिले आहे 'एक पट'.